आमच्या वाट्याला आलेले दुसरे भाग

नांदेडला मुलींच्या होस्टेलवर राहायला आल्यापासून मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. ताट घेऊन जेवणाच्या रांगेत उभी असताना, कपडे वाळत घालताना, कुणी ना कुणी विचारतंच, "तू सध्या काय वाचून राहिलीस? आम्हालाबी सांग की एखादं." प्रश्न प्रेमाचा आहे आणि मला तो आवडतो. तरी दर वेळी मी आधी चाचरते. आमच्या घरात पुस्तक घेऊन बसणारी मी पहिलीच. पुस्तकाबद्दल कसं बोलायचं हे कुणाचं ऐकून शिकावं, असं घरात कुणी नव्हतं. शिवाय मला आवडतात ती पुस्तकं अशी, की ऐकणारीच्या चेहऱ्यावर "एवढी एम.एस्सी.ची पोरगी आणि हे वाचते?" असं सरळ दिसतं.

सध्या मी वाचतेय ते पुस्तक एका गावाबद्दल आहे. हे गाव दर वर्षी आपली जागा बदलतं आणि नव्यानं कामावर लागलेल्या पोस्टमनला टपालाची थैली घेऊन ते शोधत हिंडावं लागतं. मी निम्म्यावर आले आहे. पोस्टमनला गाव अजून सापडलेलं नाही, पण गावाला पोस्टमन सापडलाय. एवढंच मी सांगते आणि गप्प बसते. मग खोलीतल्या दोघीजणी तरी माझं पुस्तक कधी संपतंय याची वाट बघू लागतात.

हे असं सांगायला मी लातूरला शिकले. कॉलेजात नाही, पाण्याच्या रांगेत.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा असण्याची गावाला अजून सवय झाली नव्हती. बऱ्याच कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका कचेरीच्या पाटीवर 'जिल्हा' एवढाच शब्द नव्या रंगात होता आणि बाकीची पाटी जुन्या रंगात. पत्ता लिहिताना माणसं जुन्या जिल्ह्याचं नाव लिहायची आणि मग खोडायची. त्यातच पावसानं पाठ फिरवली होती. "जिल्हा दिला आन् पानी काढून घेतलं," असं आमच्या गल्लीत हसून म्हणत, जणू दोन्ही एकदम द्यायची सरकारची ऐपत नव्हती. माझे बाबा निलंग्याला बसडेपोत गाड्या धुवायच्या कामावर होते. पाणी तुटल्यावर गाड्या धुणं थांबलं आणि त्यांच्या हातात झाडू आला. मला भेटायला लातूरला आले की स्टँडवर धुळीनं माखलेल्या एखाद्या गाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही माझी हाय बघ. वळखू येत न्हाई ना?"

मी मावशीकडे राहायचे. मावशी एका दवाखान्यात आया होती आणि विहाराला लागून तिच्या दोन खोल्या होत्या. पाण्याचा टँकर विहारासमोरच थांबायचा. तो कधी येईल याचा भरवसा नसे. त्यामुळे घागरी, हंडे, तेलाचे रिकामे डबे पहाटेपासून रांगेत लागत आणि त्यांची मालकीण किंवा मालकिणीची भाची शेजारी बसून राही. भाची म्हणजे मी.

कॉलेजच्या वाटेवर भुसार मालाचं एक दुकान होतं आणि त्याच्या माडीवर एका संस्थेचं वाचनालय. तेही नवीनच. लाकडी जिन्यात धान्याची धूळ असायची, त्यामुळे वर आलेला प्रत्येक वाचक आधी शिंकायचा आणि मग पुस्तक मागायचा. मी तिथं पहिल्यांदा गेले ती पुस्तकांसाठी नाही, हे खरं सांगते. खिडकीजवळ एक कपाट होतं, तिकडे कुणी फिरकत नसे आणि तिथं वारा यायचा. बसल्या बसल्या मी त्या कपाटातलं एक पुस्तक ओढलं. पुठ्ठा नवा बांधलेला, वरचं नाव पुसलेलं. त्याला आम्ही पुढं 'नदीचं गाठोडं' म्हणायला लागलो, म्हणून इथंही तेच म्हणते.

एका राजानं आपल्या राज्यातल्या सगळ्या नद्यांच्या घड्या घालून त्या पेटाऱ्यांत ठेवल्या आहेत. एका परटिणीच्या मुलीनं त्यातली एक नदी पळवली आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ती मुलगी डोक्यावर नदीचं गाठोडं घेऊन माळावरून चाललेली असते आणि तिला तहान लागलेली असते. गाठ सोडावी तर नदी वाहून जाईल. न सोडावी तर जीव जाईल. आणि मधूनमधून गाठोड्यातून एक बारीक आवाज तिच्याशी बोलत असतो.

मी मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

त्यानंतर मी त्या कपाटातलं एकेक पुस्तक काढू लागले. कुठं यंत्रमानव, कुठं दुसरे ग्रह, कुठं जादूची शहरं. आणि प्रत्येक पुस्तक मधूनच सुरू व्हायचं. पहिल्या पानावरच कुणीतरी कुणावर आधीपासून रागावलेलं असायचं, कुणाचा हात आधीच तुटलेला असायचा. मला वाटलं, या प्रकारच्या पुस्तकांची हीच रीत असेल. बरेच दिवस मी तसंच धरून चालले होते. शेवटी भीतभीत ग्रंथपाल सरांना विचारलं, "सर, ही पुस्तकं मधूनच का सुरू होतात?"

सर रोज मुरुडहून बसनं यायचे. अंगानं काडी, पण हसले की टेबल हलायचं. ते हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी वाटणीची हकीकत सांगितली. नवा जिल्हा झाला म्हणून संस्थेनं इथं शाखा काढली आणि जुन्या जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं इकडे द्यायचं ठरलं.

"निम्मी काढली कशी, ते ऐक," सर म्हणाले. "दोन भावांत ज्वारी वाटतात ना, एक पायली तुला, एक मला? तशी. कपाटातलं एक पुस्तक तिकडच्या ढिगात, पुढचं इकडच्या ढिगात. कुणाला तक्रारीला जागाच नको."

तक्रारीला जागा नव्हतीच. फक्त कपाटात शेजारी शेजारी उभे असलेले पहिला भाग आणि दुसरा भाग दोन जिल्ह्यांत गेले. पहिले तिकडे राहिले आणि दुसरे आमच्या वाट्याला आले. चरित्रं आणि गाईडं सहीसलामत सुटली. मार बसला तो अद्भुत कादंबऱ्यांना आणि विज्ञानाच्या गोष्टींना, कारण त्या लिहिणाऱ्यांचं एका भागात भागत नाही.

हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कॉलेजात सगळेच तास मला मधून सुरू झाल्यासारखे वाटायचे. आधीचं बाकी सगळ्यांना माहीत आहे, मला एकटीलाच नाही, असं वाटून मी मागच्या बाकावर बसायचे. या कपाटातल्या पुस्तकांत मात्र आधीचं काही ठाऊक नसताना मी शेवटाला पोचत होते. लातूरमध्ये मला आपलं वाटलेलं ते पहिलं ठिकाण होतं.

म्हणूनच कपाट जाणार असं सर एक दिवस म्हणाले, तेव्हा मी खिडकीला धरून उभी राहिले.

"संस्थेचा निरोप आलाय," सर म्हणाले. "अपुरे संच इथं ठेवून काय करायचं, म्हणतात. ज्यांचे जोड तिकडं आहेत ती पुस्तकं परत. महिनाअखेरीला टेम्पो येतोय."

"सगळी?"

"खिडकीजवळचं तर अख्खं कपाट."

"मग इथं काय राहील, सर?"

"चरित्रं राहतील की. चरित्रातली माणसं बिचारी एकाच भागात मरतात."

मला हसू आलं नाही. सरांच्या ते लक्षात आलं असावं. ते टेबलावरची धूळ पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता एक बघ. जे पुस्तक वाचकाच्या घरी गेलंय, ते मी टेम्पोत कुठून घालू? पण एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं. तू एकटी किती नेशील?"

म्हणजे त्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला एक माणूस शोधायचा होता. आणि शोधायचा कुणी, तर मी. वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणताना माझा आवाज फुटत नसे.

सुरुवात कॉलेजात केली. शेजारी बसणाऱ्या मुलीला मी, पाठ केल्यासारखं, म्हणाले, "एक अत्यंत वाचनीय आणि कल्पनारम्य कादंबरी आहे. तू अवश्य वाच."

"परीक्षेला हाय का?"

"न्हाई."

"मग?"

मी वही उघडून त्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत बसून मी पुन्हा ते नदीचं पुस्तक उघडलं होतं. माझ्या पुढच्या घागरीपाशी एक काकू होत्या. अर्धापूरकडच्या, नवरा पोलिसात, बदलीनं नांदेडहून लातूरला आलेला. आल्या दिवसापासून त्यांचं आणि गल्लीचं जमत नव्हतं, कारण त्या बोलता बोलता म्हणायच्या, "आमच्या अर्धापुरात केळीच्या बुडाला जेवढं पाणी मुरतं, तेवढ्यात तुमचं अख्खं लातूर न्हाऊन निघंल." त्यावर मागून कुणीतरी म्हणायचं, "मग केळीच्याच बुडाला बसायचं होतं की. इकडं कशाला आलाव?"

त्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "काय वाचून राहिलीस गं?"

"कादंबरी."

"कशाची?"

ऊन डोक्यावर आलं होतं, 'कल्पनारम्य' हा शब्द काही तोंडात येईना. मी आपलं जे होतं ते सांगितलं. "एक पोरगी डोक्यावर नदी घेऊन चाललीय, काकू. गाठोड्यात बांधून. आणि तिला तहान लागलीय."

"मग पी म्हणावं."

"गाठ सोडली तर नदी वाहून जाईल."

मागची एक बाई पुढं सरकली. "जराशी सैल करावी. वाटीभर निघंल येवढी."

"नदी हाय ती. नळ हाय का सैल करायला?"

"मी तर पिले असते बाई. जिवापरीस नदी मोठी हाय का?"

"आन् गावात सगळे वाट बघून राहिले असतील, त्यांचं काय?" हे काकू.

"गावानं एकटीला धाडलंच कशाला? गावात एक गडी न्हाई?"

"गडी पारावर बसले असतील, नदी आली की सांगा म्हणून."

सगळ्या हसल्या. मग मी पुढचं सांगू लागले. मुलीला माळावर राजाचे शिपाई दिसतात, ती गाठोड्यावर बसून उवा बघत असल्याचं नाटक करते, शिपाई तिच्याकडे पाणी मागतात... माझा आवाज कधी मोठा झाला मला कळलं नाही. रांगेच्या टोकाच्या बायाही जवळ आल्या होत्या. आपलं बोलणं इतकी माणसं ऐकू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

टँकर आला, तो विहारापाशी न थांबता जरा पुढं जाऊन थांबला. हॉर्न वाजला असणार. आमच्यापैकी कुणालाही तो ऐकू आला नाही. बघतो तर मागच्या गल्लीतल्या बायांनी पाइप धरलेला. आमच्या निम्म्या घागरी कोरड्या राहिल्या.

मग काय झालं ते सांगायला नको. "मरू दे तुझी ती नदी! खरं पानी गेलं की आमचं!" असं एकेकीनं सुनावलं आणि मी पुस्तक ओढणीआड धरून घरी आले. मावशी दवाखान्यातून आली तोवर तिला रस्त्यातच तीन ठिकाणी कळलं होतं. "तुला पाण्याला पाठवलं का कीर्तनाला?" एवढंच ती म्हणाली, आणि तोंड फिरवून हसली.

दिवेलागणीच्या आत काकू दारात आल्या. मी उठून उभी राहिले. आता बोलणी खायची, असं मनाशी धरलं.

"ते पुस्तक दे इकडं," काकू म्हणाल्या. "ती पिती का न्हाई ते कळल्याबिगर मला घास गिळंना."

"ते माझ्या कार्डावरचं आहे, काकू. तुम्हाला तुमच्या कार्डावर घ्यावं लागेल."

"मग कार्ड काढ. कुठं मिळतं?"

दुसऱ्या दिवशी काकू डोक्यावर पदर घेऊन तो लाकडी जिना चढल्या, जोरात शिंकल्या, आणि मी परत केलेलं 'नदीचं गाठोडं' त्यांच्या कार्डावर गेलं. माझ्याखेरीज कुणी नेलेलं त्या कपाटातलं ते पहिलं पुस्तक.

त्यानंतर मला युक्ती कळली, असं म्हणणं बरोबर होणार नाही, कारण ती युक्ती नव्हती. पुस्तक चांगलं आहे हे सांगायचंच नाही. आधी माणसाकडे बघायचं, आणि मग त्या माणसाच्या कामाची एक गोष्ट त्या पुस्तकातून काढून त्याच्यासमोर ठेवायची.

कोपऱ्यावर आप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला रोज ताजं भस्म, बोलणं मोजकं, मधूनच कानडी. त्यांना मी एका ग्रहाबद्दल सांगितलं, जिथं एक दिवस आपल्या वर्षाएवढा असतो. सकाळ सरता सरत नाही, दुपारीच पोरांची लग्नं होतात, आणि संध्याकाळ जवळ आली की सगळा गाव रात्रीसाठी धान्य भरू लागतो. आप्पांनी तराजू खाली ठेवला.

"तिथं दुकान कवा बंद करतात?"

"वर्षातून एकदा, आप्पा."

आप्पांनी आत घराकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "हे आमच्या मंडळीला सांगू नको. ती तिथंच जाते म्हणंल." त्या संध्याकाळी ते स्वतः पुस्तक घेऊन गेले. पुढं आठवडाभर गिऱ्हाइकाला ते पुडी बांधता बांधता विचारत, "सांग बरं, सहा महिन्यांची रात्र असली तर किती गूळ लागंल?"

मावशीला वाचायला वेळ लागायचा. ती प्रौढवर्गात शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचायची. तिच्यासाठी मी एक यंत्रमानव निवडला. तो मोठ्या खानावळीत स्वयंपाकी असतो, सगळं बिनचूक करतो, पण त्याला चव कळत नाही. म्हणून मीठ म्हणजे काय हे सांगणारं कुणी भेटतंय का, ते बघत तो गावोगाव हिंडतो. मावशी रोज दोन पानं वाचायची.

"येवढं मिठासाठी रडून राहिलंय हे?" तिनं विचारलं.

"रडत नाही, मावशी. यंत्र आहे ते."

"तेच म्हणते. आमच्या डॉक्टरासारखं. रडता येत न्हाई म्हणून दुसऱ्यावर ओरडतंय." मग तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "ह्याला माझ्याकडं धाड. बोंबील खाऊ घालते, मीठ काय कळतं का न्हाई बघू."

ते यंत्रमानवाचं पुस्तक मला आजही फार आवडतं. कुणी विचारलं, विज्ञानाच्या गोष्टी कुठून वाचायला सुरुवात करू, तर मी तेच सांगते. त्यात यंत्रं कमी आणि भूक जास्त आहे.

असं करत करत कपाट रिकामं होऊ लागलं. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीनंही एक नेलं. तिचा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. मी तिला म्हणाले, यात एक माणूस असा रेडिओ बनवतो, की त्यावर उद्याच्या बातम्या आज लागतात, आणि एके दिवशी त्याला त्यात स्वतःचं नाव ऐकू येतं. या वेळी तिनं 'मग?' असंच विचारलं, पण ते वेगळं होतं.

मात्र आता दुसरीच अडचण आली. पुस्तकं वाचून झाली की माणसं माझ्याशी भांडायला येऊ लागली. "सुरुवात कुठं हाय?" काकू म्हणाल्या, "मला तर पंगत उठल्यावर लग्नाला गेल्यासारखं वाटलं. नवरा-नवरी दिसले, पण जमवलं कुणी?" त्यांनी 'नदीचं गाठोडं' परत केलं, आणि मी ते पुन्हा माझ्या कार्डावर घेतलं. पण रांगेतला वाद मिटेना. परटिणीच्या मुलीनं नदी पळवली कशी? कुणी म्हणे भिंतीला भोक पाडून. कुणी म्हणे शिपायाला भांग पाजून. आणि गाठोड्यातून बोलतं कोण? शेवटापर्यंत त्याचं नाव पुस्तकात कुठं येतच नाही. एकीचं म्हणणं, नदीच बोलते. दुसरीचं म्हणणं, भूत असणार, नदीत काय कमी माणसं बुडतात?

शेवटी काकूंनी निकाल दिला. "पळवलीच न्हाई. राणीनं दिली. राणीचं माहेर नदीकाठचं. कपडे धुवायला आलेल्या पोरीच्या गाठोड्यात तिनं गुपचूप नदी घातली, लुगड्यांच्या मधी. राजाला काय कळतंय धुण्यातलं?"

रांगेला हे इतकं पटलं, की पुढं कुणी त्यावर वाद घातला नाही. केळीच्या बुडाचा विषयही त्या दिवसापासून कुणी काढला नाही.

टेम्पो आला तेव्हा मी वाचनालयातच होते. 'नदीचं गाठोडं' माझ्या मांडीवर होतं, आणि ते मी ओढणीनं झाकलं होतं. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून आलेले कारकून बारीक चणीचे, उन्हानं लाल झालेले. त्यांनी आधी शिंकून घेतलं, घाम पुसला आणि विचारलं, "खिडकीजवळचं कपाट कुटं हाय?"

"ते काय," सर म्हणाले.

कपाटात पुस्तकांच्या जागी धुळीच्या रेघा तेवढ्या होत्या.

"वाचक लई वाढलेत, साहेब," सर अगदी गरीब चेहरा करून म्हणाले. "दुष्काळ हाय ना. माणसांना दुसरं काम काय?"

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "सगळंच गेलं? ते परटिणीच्या पोरीचंबी?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही खाली बघत होते.

"तिकडं आमच्यात नुसती भांडणं चाललीत हो," ते म्हणाले. "पहिला भाग वाचून वाचून खिळखिळा झाला. तिच्या भावाचं पुढं काय झालं, कुणालाच ठावं न्हाई. मी सायबांना म्हणलं, टेम्पोसंगं मीच जातो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला भाऊच नाही."

ते माझ्याकडे वळले. "न्हाई कसा? धाकटा भाऊ हाय की. राजाची माणसं नदीची घडी घालत होती, तवा तो पाण्यात पोहत होता. तसाच घडीत गेला. त्याच्यासाठी तर तिनं नदी पळवली."

मी उठून उभी राहिले. पुस्तक मांडीवरून खाली पडलं.

"तो बोलतो!" मी म्हणाले.

"कोण?"

"तिचा भाऊ. गाठोड्यातून बोलतो तो. पहिल्या पानापासून बोलतोय. जिवंत आहे तो!"

वाचनालयात मी इतक्या मोठ्यानं ओरडले होते, की खालच्या दुकानातला हमाल जिन्यात येऊन बघून गेला. कारकुनांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, हे मी सांगू शकत नाही. घाम तर होताच. मला मात्र एकदम लाज वाटली. इतके दिवस मी पुस्तकं वाचवत होते ती कुणापासून? मला वाटायचं, तिकडे कुठलं तरी बंद कपाट असेल, कुलूप असेल. तिकडे तर माझ्यासारखीच माणसं होती, फक्त त्यांच्या हातात दुसरं अर्धं होतं.

मी पुस्तक उचलून त्यांच्यापुढं धरलं. "घ्या."

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मग कापडी पिशवीत हात घालून पहिला भाग काढला. वाटेत वाचायला आणला होता म्हणाले. आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर बसलो. खाली टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन थकला आणि वर आला.

"साहेब, गाडी रिकामीच न्यायची का?"

"थांब जरा," कारकून मान वर न करता म्हणाले. "पोरगं घडीत हाय."

कपाट गेलं नाही. सर आणि कारकून यांनी चहावर ठरवलं की पुस्तकं कायमची हलवण्यापेक्षा जोड हिंडते ठेवावेत. ओळखीच्या कंडक्टरबरोबर इकडचे दुसरे तिकडं जातील, तिकडचे पहिले इकडं येतील, आणि परत. संस्थेनंही पुढं हो म्हटलं, कारण दोन्हीकडचे वाचक वाढलेले दिसत होते.

पहिला भाग मी रांगेत वाचून दाखवला. या खेपेला मोठ्यानं, पुस्तकातून. भाऊ घडीत गेला तिथं सगळ्या चुकचुकल्या. पण नदी पळवायची वेळ आली, मुलीनं पहारेकऱ्याची किल्ली चोरली, पेटारा उघडला, तशी काकूंनी हात वर केला.

"आन् राणी?"

"राणी यात नाहीच, काकू."

"न्हाई म्हंजे?"

"किल्ली चोरते ती. राणीचं नावच नाही."

रांगेत कुजबुज झाली. मी पानं उलटून बघितली, उगीच, कारण मला ठाऊक होतं.

"किल्ली तर कुणीबी चोरतंय," मागची म्हणाली. "त्यात काय हाय?"

"भाऊ बेस हाय," काकू म्हणाल्या. "भाऊ राहू दे. पण सुरुवात आपलीच चांगली. लिहिणाराला म्हणावं, राणी घाल."

"लिहिणारा कुठं राहतो मला काय माहीत, काकू?"

"मग त्या कारकून साहेबाला सांग. तिकडं मोठं वाचनालय हाय."

मी खरंच कंडक्टरबरोबर निरोप पाठवला. कारकून काय म्हणतील याची मला धास्ती होती. पुढच्या महिन्यात पुस्तकांची पिशवी आली तेव्हा कंडक्टरनं स्टँडवर मला हाक मारली आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून दाखवलं, "साहेबांनी सांगितलंय, राणीवाली सुरुवात नीट, बैजवार लिहून पाठवा. तिकडं लई मागणी हाय."